न झालेल्या मजल्याची फरशी

मुंबईच्या उपनगरांतल्या छपरांची पाहणी करायला ड्रोन लागत नाही, मेट्रोचं तिकीट पुरतं. 2014 साली वर्सोवा–घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि तोवर फक्त कावळ्या-कबुतरांना ठाऊक असलेली गोष्ट प्रवाशांनाही दिसू लागली. अंधेरीपासून असल्फ्यापर्यंत चार-सात मजली सोसायट्यांच्या डोक्यावर निळे, हिरवे, विटकरी पत्रे. गुंदवलीहून दहिसरकडे जाताना बोरिवलीच्या बाजूलाही तेच. खाली आरसीसीचा सपाट स्लॅब, त्यावर वीटबंदी कोबा, कोब्यावर चायना मोझॅक, कधी त्यावर डांबरी कापड, आणि या सगळ्यांनी हात टेकल्यावर लोखंडी खांबांवर उभा केलेला उतरता पत्रा. एका घराला इतकी छपरं, त्यातलं कामाचं एकच, आणि नेमकं तेच मूळ नकाशात नाही! माझं म्हणणं एवढंच, की जे दहा-पंधरा वर्षांनी वर्गणी काढून बसवायचं, ते नवी इमारत बांधतानाच नकाशात काढावं.

हा हट्ट नाही, हिशेब आहे. सांताक्रूझच्या वेधशाळेत जून ते सप्टेंबर सरासरी सुमारे 2,300 मिलिमीटर पाऊस मोजला जातो. 26 जुलै 2005 रोजी तर एका दिवसात 944 मिलिमीटर झाला. 300 चौरस मीटरची गच्ची धरली, तर एका पावसाळ्यात तिच्यावर जवळजवळ 7 लाख लिटर पाणी पडतं, म्हणजे 10 हजार लिटरचे 69 टँकर. (मे महिन्यात हीच सोसायटी टँकरवाल्याच्या विनवण्या करत असते, तो भाग वेगळा.) एवढ्या पाण्याला वाट म्हणून कोब्याला शंभराला एक असा ढाळ, तोही बहुतेक कागदावर, आणि कोपऱ्यात पाइपचं तोंड. त्या तोंडावरच्या जाळीत पिंपळाची पानं, कबुतरांची पिसं, बॅडमिंटनचं एखादं फूल आणि गेल्या दिवाळीच्या कंदिलाच्या झिरमिळ्या असा ऐवज जमतो, की गच्चीचं तळं झालंच. कोकणातल्या सुताराने असलं छप्पर कधी केलं नसतं. पाणी पडलं की त्याला घालवायचं, त्याच्याशी चर्चा करायची नाही, हे त्याला कळत होतं. 1865 मध्ये बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि ती कौलं पुढे सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. उपनगरांतल्या गावठाणांत अशी उतरती घरं अजून तग धरून आहेत. पाणी आधी डोक्यावर साठू द्यायचं आणि मग ते आत येऊ नये म्हणून गॅरंटी लिहून घ्यायची, ही रीत आपण सिमेंटबरोबर उचलली.

मग स्लॅब सपाटच का? टाकी ठेवायला जागा आणि सेंटरिंग सोपं, ही सभ्य उत्तरं. खरं उत्तर वरच्या मजल्याकडे बोट दाखवतं. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क आणला, तो शहराकडून उपनगरांकडे सरकला आणि उभ्या असलेल्या कित्येक इमारतींवर नवे मजले चढले. तेव्हापासून उपनगरातलं छप्पर हे छप्पर नसतंच. ती अजून न झालेल्या मजल्याची फरशी असते. गळते यात नवल काय? फरशीने पाऊस अडवावा अशी अपेक्षा कोणी ठेवत नाही. त्यात मौज अशी, की मजल्यागणिक फ्लोअर राइजचे जादा पैसे मोजून जो सगळ्यात वर जातो, त्यालाच बादली लावून झोपावं लागतं.

बादली तरी कुठे लावायची? स्लॅबमध्ये पाणी शिरतं एकीकडे आणि उतरतं भलतीकडे. चीर टाकीच्या पायाशी, थेंब बेडरूमच्या पंख्याच्या हुकापाशी. आधी रंगाला फुगा येतो, मग पोपडा सुटतो, मग आतली सळई गंजून फुगते आणि काँक्रीटची खपली खाली येते. ती हातात घेऊन शेवटच्या मजल्यावरचे काका सर्वसाधारण सभेला येतात आणि तळमजल्यावरचे भाऊ शांतपणे विचारतात, “आमच्याकडे कुठे गळतंय?” वास्तविक सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत याचा निकाल लागलेला आहे. गच्चीची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने, आणि पावसाच्या गळतीने वरच्या फ्लॅटचं छत बिघडलं तर त्याचा गिलावाही. त्यासाठी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का दराने दुरुस्ती निधीही गोळा करायचा असतो. पण उपविधी वाचून सभेला आलेला सभासद पाहण्यात नाही. रेरा कायद्याने ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांतले बांधकामातले दोष बिल्डरने फुकट दुरुस्त करून द्यायचे आहेत, हेही खरं. गळती मात्र कायद्याची चांगली जाणकार दिसते. पाच वर्षं ती भिंतीत बसून अभ्यास करते आणि सहाव्या जूनमध्ये प्रकट होते.

यावर पहिला आक्षेप आधुनिकांचा. आता मेम्ब्रेन आहेत, पॉलियुरेथेनचे लेप आहेत, पत्रा हवाच कशाला? लेप उत्तम असतात. फक्त इमारत पन्नास वर्षं उभी राहते आणि लेपाची गॅरंटी तितकी लांब जात नाही. शिवाय लेप वाळायच्या आत कोणीतरी डिशची छत्री बसवायला ड्रिल घेऊन वर चढतोच. दुसरा आक्षेप वाऱ्याचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 17 मे 2021 ला तौक्ते वादळात मुंबईत वाऱ्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे गेले होते. पण वारा उचलतो तो मागाहून बोल्ट ठोकून बसवलेला पत्रा. कॉलमची सळई वर सोडून तिच्यातच छपराचे खांब बांधले, वाऱ्याचा भार इंजिनिअरने आधीच धरला, तर गोष्ट वेगळी. म्हणजे हा आक्षेप पत्र्याला नाही, उशिराला आहे. तिसरा आक्षेप हळवा. गच्ची गेली तर कोजागिरीचं दूध कुठे आटवायचं, पापड कुठे वाळवायचे? गच्चीला कुलूप असतं आणि किल्ली सेक्रेटरींकडे असते, एवढंच नम्रपणे सांगतो.

चौथा आक्षेप मात्र वजनदार आहे, आणि तो महापालिकेचा. आज पावसाळी शेडची परवानगी तात्पुरती असते, कारण छपराखाली आधी कॅरमबोर्ड येतो, मग सोसायटीचं ऑफिस, मग तीन बाजूंनी जाळी, मग जिम, आणि एक दिवस तिथे एसी दिसतो. ही भीती खरी आहे. म्हणून चारही बाजू उघड्या, उंची बांधलेली, आणि एक वीट रचली तरी छप्पर बेकायदा, असा स्पष्ट नियम हवा. उघड्या बाजूंमुळे आगीच्या वेळी माणसांना वर येता येईल. तीस मजली टॉवरना मी यातून वगळतो. तिथलं वारं आणि तिथले नियम दोन्ही निराळे. पण सात-आठ मजली पुनर्विकासात उतरतं छप्पर सहज बसतं, आणि त्याचा दक्षिणेकडचा पाखा सौर पॅनेललाही चालतो. मुंबई 19 अक्षांशावर आहे आणि पॅनेलला कलही साधारण तेवढाच लागतो. पाणी उतरावं म्हणून दिलेला ढाळ विजेच्या बिलालाही उपयोगी पडला, तर कोणी नाराज होईल असं वाटत नाही.

घाटकोपर-मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत सध्या गल्लोगल्ली पुनर्विकासाचे करार होत आहेत. त्यांत व्हिट्रिफाइड टाइल्सचं माप असतं, नळाचा ब्रँड असतो, व्हिडिओ डोअर फोन असतो. सही करण्यापूर्वी ‘टेरेस’ या शब्दापुढे काय लिहिलंय ते वाचा. नुसतं ‘वॉटरप्रूफिंग’ लिहिलं असेल, तर पेन खिशात ठेवा आणि आर्किटेक्टकडे छपराचं ड्रॉइंग मागा.