असे आढळून आले की…

शास्त्रीय संशोधनाच्या इंग्रजीत माणसं नसतात. द्रावण तापवलं जातं, उंदीर तोलले जातात, नमुने उणे ऐंशी अंशांवर ठेवले जातात आणि शेवटी काहीतरी आढळून येतं. हे सगळं कोण करतं, ते विचारायचं नाही. रात्री दोन वाजता सेंट्रीफ्यूजपाशी डोळे चोळत उभी असलेली, मेसचा डबा तसाच राहून गेलेली पीएच.डी.ची मुलगी त्या वाक्यात औषधालाही सापडत नाही.

संशोधकांचं इंग्रजी तपासून देणं हा माझा व्यवसाय. पुण्यात राहून या धंद्याला मरण नाही. ‘द’ कुठे घालायचा आणि कुठून काढायचा, यावर माझं घर चालतं. विज्ञान मला बेताचंच कळतं, पण त्यावाचून अडत नाही, कारण लेख हळदीवर असो की हायड्रोजनवर, त्यातली वाक्यं एकाच घराण्यातली असतात. अजून पुरेसं संशोधन झालेलं नाही, अशी तक्रार पहिल्या परिच्छेदात. अजून संशोधन व्हायला हवं, अशी मागणी शेवटच्या परिच्छेदात. मधल्या वीस पानांनी परिस्थिती काही सुधारलेली दिसत नाही.

पूर्वी असं नव्हतं. 1672 मध्ये न्यूटनने प्रकाश आणि रंगांवर लिहिलेलं पत्र लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये छापून आलं. त्यात न्यूटन जागोजागी भेटतो. मी लोलक मिळवला, मी खोलीत अंधार केला, खिडकीच्या फळीला भोक पाडलं, भिंतीवर उमटलेले रंग बघत बसायला आधी मजा वाटली, असं सगळं तो सांगत जातो. आज हे पत्र माझ्याकडे आलं असतं तर ‘मजा वाटली’ याला मी लाल रेघ मारली असती आणि नियतकालिकाच्या परीक्षकाने तर लोलकाच्या कंपनीचं नाव मागितलं असतं.

पुढे हळूहळू हा ‘मी’ कागदावरून उठून गेला. त्यामागचा विचार तसा उदात्त. प्रयोग कुणीही केला तरी उत्तर तेच यायला हवं, मग करणाऱ्याचं नाव प्रत्येक वाक्यात कशाला? पण त्यात सोयही कमी नाही. ‘नमुना दूषित झाल्याचे आढळले’ असं लिहिलं की तो कुणी दूषित केला, हा प्रश्न व्याकरणातच गाडला जातो. अलीकडे वारं फिरलं आहे. ‘नेचर’सारखं नियतकालिक लेखकांना उलट विनवतं की बाबांनो, तुम्ही केलंत तर तुम्ही केलंत असं लिहा. तेव्हा ‘मी’ला वगळून ‘आम्ही’ आला. ‘आम्ही’ म्हटलं की नम्रपणाही दिसतो आणि चूक निघाली तर ती वाटूनही घेता येते.

या ‘आम्ही’पायी एका मांजराला पदार्थविज्ञानात यावं लागलं. मिशिगन स्टेट विद्यापीठातला जॅक हेदरिंग्टन 1975 मध्ये हेलियमच्या अणूंविषयीचा एक लेख ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’कडे पाठवण्याच्या बेतात होता. लेख सहकाऱ्याला दाखवला, तर तो म्हणाला, लेखक तू एकटा आणि मजकुरात सगळीकडे ‘आम्ही’. हे नियतकालिक असला लेख परत पाठवतं. आता टंकलेखन यंत्रावर, समीकरणांसकट बडवलेला तो मजकूर. संगणकावर एका कळीसरशी ‘आम्ही’चा ‘मी’ करण्याचे दिवस अजून यायचे होते. अख्खा लेख पुन्हा टंकायचा की आणखी एक लेखक शोधायचा? हेदरिंग्टनच्या घरी चेस्टर नावाचा सयामी बोका होता. त्याच्या वडिलांचं नाव विलर्ड. शास्त्रीय नावातला ‘फेलिस डोमेस्टिकस’ आणि पुढे चेस्टर, यांची आद्याक्षरं घेऊन ‘एफ. डी. सी. विलर्ड’ हे भारदस्त नाव तयार झालं आणि लेख छापूनही आला. नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी आपली पद्धत त्या बोक्यानेही थोडीफार पाळली, याचं मला कौतुक आहे.

भांडं फुटलं ते एका पाहुण्यामुळे, असं सांगतात. तो हेदरिंग्टनला भेटायला विभागात आला. हेदरिंग्टन जागेवर नव्हता, तेव्हा पाहुणा म्हणाला, मग विलर्डना भेटतो. पुढे लेखाच्या काही प्रतींवर दोघा लेखकांच्या सह्या झाल्या, त्यातली एक पंजाची. विभागप्रमुखही रसिक निघाला. विलर्ड आपल्याकडे पाहुणे प्राध्यापक म्हणून येतील का, अशी विचारणा करणारं पत्र त्याने हेदरिंग्टनला धाडलं. 1980 मध्ये ‘ला रशेर्श’ या फ्रेंच मासिकात तर विलर्डचं नाव एकमेव लेखक म्हणून छापलं गेलं. मार्गदर्शकाचं नाव न लावता स्वतंत्र लेख छापून आणणं किती अवघड, हे आपल्याकडच्या कुठल्याही पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला विचारा.

आता ‘आम्ही’ला लेखक कमी पडत नाहीत. हिग्ज बोसॉन या कणाचं वस्तुमान सांगणारा 2015 चा लेख घ्या. पानं 33, लेखक 5154. त्यातली 24 पानं लेखक आणि त्यांच्या संस्था यांनीच भरली. एवढ्या गर्दीत एखादं मांजर सहज खपून गेलं असतं.

माझ्याकडे येणाऱ्या प्रबंधांत सगळ्यात जास्त राबणारा शब्द म्हणजे ‘सिग्निफिकंट’. बाहेरच्या जगात त्याचा अर्थ मोठा, महत्त्वाचा. संख्याशास्त्रात त्याला जेमतेम एवढंच म्हणायचं असतं की हा फरक निव्वळ योगायोगाने पडला असावा, असं मानणं जड जातं. फरक केसाएवढा असला तरी चालतो. या शब्दाला आजचं वजन मिळवून दिलं रोनाल्ड फिशरने. विसांत एकदा योगायोगाने घडेल, ही मर्यादा सोयीची आहे, असं त्याने 1925 च्या आपल्या पुस्तकात सुचवलं. ती सोय म्हणून आली आणि घरमालक होऊन बसली. योगायोगाची शक्यता 0.049 आली तर पेढे, 0.051 आली तर सुतक, अशी अवस्था मी फोनवर अनेकदा ऐकली आहे. ‘मॅडम, ऑलमोस्ट सिग्निफिकंट लिहिलं तर चालेल का हो?’ असा केविलवाणा प्रश्न येतो. मी म्हणते, मला चालेल, तुमच्या बाहेरच्या परीक्षकांना चालणार नाही.

याच फिशरची चहाची गोष्ट मात्र गोड आहे. इंग्लंडमधल्या रोदॅमस्टेड इथल्या शेतकी संशोधन केंद्रात म्युरिएल ब्रिस्टल नावाच्या शास्त्रज्ञ बाई होत्या, शेवाळांच्या अभ्यासक. कपात दूध आधी ओतलं की चहा आधी, हे आपल्याला चवीवरून कळतं, असं त्या म्हणाल्या. दुसऱ्या कुणी हसून सोडून दिलं असतं. फिशरने आठ कपांची परीक्षा रचली, चारांत दूध आधी, चारांत चहा आधी. डोळे मिटून ठोकून दिलं तर आठही बरोबर येण्याची शक्यता सत्तरात एक. हे सगळं 1935 च्या त्याच्या पुस्तकात आहे आणि प्रयोगाची आखणी शिकवणारे आजही तिथूनच सुरुवात करतात. बाई पास झाल्या की नापास, हे मात्र फिशर त्या पुस्तकात सांगत नाही. पद्धत महत्त्वाची, निकाल गौण, हा संशोधकी बाणा. आपल्याकडे चहा, साखर आणि दूध एकाच पातेल्यात उकळतं, त्यामुळे संख्याशास्त्राची केवढी संधी हुकली ते बघा.

संशोधनाच्या या भाषेची खरी खुमारी कळायला तिचा कोश हवा. तोही होऊन गेला आहे. सी. डी. ग्रॅहॅम या धातुशास्त्रज्ञाने 1957 मध्ये ‘मेटल प्रोग्रेस’ मासिकात संशोधन-अहवालांची एक छोटी शब्दसूची दिली. डाव्या बाजूला लेखात लिहितात ते, उजव्या बाजूला त्याचा खरा अर्थ. ‘हे फार पूर्वीपासून ज्ञात आहे’ म्हणजे मूळ संदर्भ शोधायचा मी कंटाळा केला. ‘प्रातिनिधिक निष्कर्ष दाखवले आहेत’ म्हणजे सगळ्यात चांगले तेवढे दाखवले आहेत. ‘तीन नमुने सखोल अभ्यासासाठी निवडले’ म्हणजे बाकीच्यांचे आकडे काही केल्या जुळेनात. ‘असे मानले जाते’ म्हणजे मला वाटतं. ‘सर्वसाधारणपणे असे मानले जाते’ म्हणजे आणखी एक-दोघांनाही वाटतं. आणि आभार! प्रयोगात साहाय्य केल्याबद्दल अमक्याचे, मौलिक चर्चेबद्दल तमक्याचे. म्हणजे काम अमक्याने केलं आणि त्याचा अर्थ काय ते तमक्याने मला समजावून दिलं. सत्तरच्या जवळपास वर्षं झाली, या कोशातली एकही नोंद अजून जुनी झालेली नाही.

लेख नाकारणारं संपादकाचं पत्र तर वाचण्यासारखं असतं. आपला लेख अतिशय रोचक आहे, परंतु आमच्या वाचकवर्गाच्या दृष्टीने तो तितकासा समर्पक नाही. मुलगी आम्हाला पसंतच होती हो, पण पत्रिका जुळत नाही. हे त्याचं शुद्ध मराठी. आणि लेख दुरुस्तीला परत आला की उत्तरात प्रत्येक मुद्द्याआधी परीक्षकाच्या मार्मिक सूचनेबद्दल कृतज्ञता व्यक्त करायची. ही कृतज्ञता लिहिताना माणसं फोनवर परीक्षकाला काय काय म्हणतात, ते छापण्याजोगं नाही. व्हायव्हात तर एकच ढाल पुरते: ‘हे प्रस्तुत अभ्यासाच्या कक्षेबाहेर आहे.’

एवढी थट्टा केली, पण या भाषेतला एक गुण मी मनापासून मानते. ती हात राखून बोलते. ‘सिद्ध होतं’ म्हणायच्या जागी ‘सूचित होतं’, ‘आहे’च्या जागी ‘असू शकतं’. याचा कळस म्हणजे 25 एप्रिल 1953 च्या ‘नेचर’मधला वॉटसन आणि क्रिकचा लेख. डीएनएचा दुहेरी पीळ त्यात मांडला. त्या पिळातल्या घटकांच्या जोड्यांतून आनुवंशिक द्रव्याची नक्कल कशी होत असेल ते सुचतं, आणि ही गोष्ट आमच्या नजरेतून सुटलेली नाही, अशा अर्थाचं एक वाक्य शेवटाकडे हळूच ठेवलं आणि विषय संपवला. सजीवांचं सर्वांत मोठं गुपित हाती लागलेलं, आणि सांगण्याची रीत ही! क्रिकला खरं तर याविषयी सविस्तर लिहायचं होतं. वॉटसनला मधूनमधून धाकधूक वाटे की आपली रचनाच चुकली तर? त्या ओढाताणीतून ते वाक्य निघालं. जास्तीचं त्यांनी पाचच आठवड्यांनी, 30 मेच्या अंकात लिहिलं.

पंचाईत होते ती असं हात राखलेलं वाक्य प्रयोगशाळेच्या फाटकाबाहेर पडल्यावर. कार्डिफच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या 20 विद्यापीठांनी 2011 मध्ये काढलेली 462 प्रसिद्धिपत्रकं मूळ लेखांशी ताडून पाहिली आणि 2014 मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडले. 40 टक्के पत्रकांत वाचकांना दिलेला सल्ला मूळ लेखापेक्षा फुगवलेला होता. 36 टक्क्यांत प्राण्यांवरचे निष्कर्ष माणसांना जास्तच लावून टाकले होते. पत्रकाने असा उंदराचा माणूस केला की 86 टक्के बातम्याही तेच करत. पत्रकाने पथ्य पाळलं तर जेमतेम 10 टक्के. म्हणजे ‘असू शकतं’ गळून पडतं ते बऱ्याचदा विद्यापीठाच्याच दारात. पुढे वर्तमानपत्र, तिथून फॅमिली ग्रुप, आणि संध्याकाळपर्यंत कुठलीतरी आत्या कॉफी बंद करते.

तेव्हा बातम्या लिहिणाऱ्यांना आणि पुढे ढकलणाऱ्यांना एवढीच विनंती आहे. जागा कमी पडली तर ‘क्रांतिकारी’ कापा, ‘जगात प्रथमच’ कापा, हवं तर संशोधकाचा हसरा फोटोही कापा. ‘असू शकतं’ मात्र राहू द्या, आणि प्रयोग उंदरांवर झाला असेल तर उंदीर मथळ्यातच छापा.