बिल्ड स्क्रिप्ट लिहिणाऱ्या महोदयांस अनावृत पत्र

मा. बिल्डस्क्रिप्टकर्ते महोदय यांस,

बुलढाणा जिल्ह्यातून सादर प्रणाम. पत्रास कारण की, आपले उपकार फार साचले आहेत.

पहिले आभार आपल्या मोकळ्या मनाचे. एखाद्या हेडर फाइलीत आम्ही एक स्वल्पविराम बदलला, की तिच्यावर अवलंबून असलेल्या प्रत्येक फाइलीची अख्खी कंपाइल कमांड, साऱ्या फोल्डरांच्या पत्त्यांसह, आपण पडद्यावर वाढता. आमच्यापासून काही लपवायचे नाही, हा आपला बाणा थोर!

वॉर्निंगच्या बाबतीत तर आपण कर्णच. एखाद्या हेडरमधली ‘व्हेरिएबल वापरलेले नाही’ ही एकच तक्रार, तो हेडर जिथे जिथे जोडला आहे तिथे तिथे, आपण नव्या उत्साहाने ऐकवता. त्या गर्दीत ‘किंमत न देताच व्हेरिएबल वापरले’ ही एक ओळ नजरेतून सुटली आणि प्रोग्राम ग्राहकाकडे जाऊन कोसळला. पण आपण बजावले होते, याची नोंद लॉगमध्ये आहे. आपले हात स्वच्छ आहेत.

सर्व्हरवर बिल्ड चालतो तेव्हा पडद्यासमोर कोणी नसते. तरीही डाउनलोडचा एकेक टक्का आपण लॉगमध्ये लिहून ठेवता. गावी बसून, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तो लॉग उघडणाऱ्याला आपण संयम शिकवता, याबद्दल कृतज्ञता.

आठ कामे एकदम चालवून आठांचे बोलणे एकमेकांत मिसळण्याची आपली हातोटी विरळाच. खरा एरर कुठेतरी मध्यावर गाडला जातो आणि तळाशी फक्त ‘एरर २’ उरतो. जीएनयू मेकने २०१३ मध्येच, ४.० आवृत्तीत, प्रत्येक कामाचे आउटपुट एकत्र बांधून दाखवणारा ‘आउटपुट-सिंक’ पर्याय दिला. आपण मात्र मोहाला बळी पडला नाहीत.

शेगाव, चिखली, बुलढाण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून निघालेली मुलेही पहिल्या नोकरीत आपल्या लॉगसमोर बसतात. यशस्वी बिल्डमध्येही लाल-पिवळ्या ओळी पाहून आधी घाबरतात. मग घाबरणे सोडतात, आणि त्याबरोबर वाचणेही. हे शिक्षण कोणत्याच अभ्यासक्रमात नाही. ते आपण फुकट देता.

लिनक्स कर्नलसारखा अवाढव्य प्रकल्प फाइलीमागे ‘सीसी’ आणि फाइलीचे नाव एवढेच लिहितो; पूर्ण कमांड हवी असेल त्याने ‘व्ही=१’ द्यावे. ऑटोमेकने २००९ मध्ये, १.११ आवृत्तीत, अशीच सोय केली. निंजा टर्मिनलवर प्रगती एका ओळीत दाखवतो आणि प्रत्येक कामाचे बोलणे ते काम संपल्यावर एकत्र देतो. बिचारे मितभाषी! आपल्या वक्तृत्वापुढे त्यांचा काय पाड?

आमच्या शेगावच्या मंदिरात रांगेत नीट चालणाऱ्याला सेवेकरी अडवत नाही. वाट चुकली की हात जोडून ‘माऊली, इकडून’ म्हणतो, आणि म्हणूनच त्याचे ऐकले जाते. आपल्या बिल्डकडून आमची एवढीच अपेक्षा आहे.

तेव्हा, महोदय, आता हात जोडून मागणे. सगळे सुरळीत असेल तर बिल्डने एका ओळीत सांगावे. जुन्या वॉर्निंग एकदा बसून दुरुस्त करा, म्हणजे नवी आली की ती दिसेल. एरर सर्वांत शेवटी, फाइलीच्या नावासह आणि ओळीच्या क्रमांकासह यावा. पूर्ण लॉग वेगळ्या फाइलीत जपून ठेवा. ज्याला हवा तो उघडेल.

मात्र आमच्यावर रागावून सगळेच आउटपुट ‘डेव्ह-नल’मध्ये ओतू नका. एरर गिळणारा बिल्ड हा बडबड्या बिल्डपेक्षाही घातक. आम्हाला मुका बिल्ड नको. जे बोलेल ते वाचावेसे वाटेल, असा हवा.

पुढच्या रिलीजच्या आधी एवढे कराच.

आपला कृपाभिलाषी,
आपला लॉग अजूनही शेवटपर्यंत वाचणारा एक प्रोग्रामर,
खामगाव, जि. बुलढाणा