अर्ध्या नावाची शिवराई

रसिकता ही खिशाच्या मापाने शिवलेली असते. शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन तुला परवडला असता, तर तांब्याच्या शिवराईतच खरं सौंदर्य असतं हे तुझं मत झालं असतं का, असा कुत्सित प्रश्न आमच्या घरात अधूनमधून विचारला जातो. मी उत्तर देत नाही. भिंग उचलतो.

एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’, भोवती ठिपक्यांची माळ. चित्रात सगळ्यांनी पाहिलेलं. पण एवढं सारं एका नाण्यावर सापडणं हा योग असतो, कारण ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान. खाली रोवलेला ठसा, त्यावर तुकडा, वर दुसरा ठसा आणि हातोड्याचा टोला. तुकडा जरा सरकला की ‘श्री’ टांकसाळीतच राहते आणि ‘राजा’ मधला ‘जा’ काठावरून निघून जातो. जाणकार अशी नाणी बाजूला सारतात. ती मी घेतो, आणि पाहुण्यांना सांगतो, “यंत्राच्या नाण्याला चेहरा असतो, स्वभाव नसतो.” हे वाक्य माझं स्वतःचं आहे. पाहुणे त्यावर घड्याळ पाहतात.

आता जरा अक्षरांकडे या. इथे मला आवरत नाही. लग्नपत्रिकेतही वेलांट्या तपासणारा मी माणूस. ‘आशिर्वाद’ दिसला की आहेराचं पाकीट हलकं करावंसं वाटतं. आणि शिवराईवर? कुठे ‘शिव’, कुठे ‘सिव’, कुठे चक्क ‘सीव’. ‘पति’ची वेलांटी कधी पहिली, कधी दुसरी. माझं रक्त उसळायला हवं. उलट मी विरघळतो. ठसा उलटा कोरावा लागतो हो! आरशातली वेलांटी कोणत्या बाजूची, हे पोलादावर छिन्नी धरून ठरवून पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जस्टिन ॲबट नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याने हजारोंनी शिवराया गोळा करून हीच अक्षरं एकेक करून तपासली. याच गृहस्थाने पुढे संत बहिणाबाई, तुकाराम आणि महिपतींचा ‘भक्तविजय’ इंग्रजीत नेला. ऱ्हस्वदीर्घाच्या वेडाचं इतकं चांगलं होऊ शकतं, हे मी घरात पुन्हापुन्हा सांगतो. घरच्यांचं म्हणणं, त्यांनी पुस्तकं लिहिली, तू फक्त पाहुणे पळवतोस.

शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४चा. त्याच साली इंग्रजांनी आपलं नाणं महाराजांच्या मुलखात चालावं म्हणून मागणं घातलं. उत्तराचा मथितार्थ असा, की नाणं चोख आणि वजनाला पुरेपूर असेल तर बंदी नाही. पण प्रजेने तोटा सोसून ते घ्यावं अशी सक्ती करणार नाही. तेव्हा नाण्याचं रूप पाहणारे माझ्यासारखे रिकामटेकडे नव्हते; लोक धातू आणि वजन पाहत.

पुढे सत्ता पुण्याकडे सरकली, खासगी टांकसाळींना परवाने मिळाले, अक्षरं काड्यांसारखी झाली. तांब्यावर मात्र ‘श्री राजा शिव’ तसंच राहिलं. नकलेची नक्कल कोरणाऱ्या त्या कारागिराचं नाव कुठे नाही. त्याच्या हातून वेलांटी सुटली, राजाचं नाव सुटलं नाही. पेशवाई बुडाल्यावरही ही नाणी बाजारात फिरत होती. त्या झिजलेल्या गुळगुळीत जागेवरून अंगठा फिरवला की माझी बडबड थांबते. घरात हीच शिवराईची मुख्य उपयुक्तता मानली जाते.

आणि लोक ती चिंचेने घासतात! काळसर-तपकिरी पापुद्रा चढायला पिढ्या जातात, उतरायला एक दुपार पुरते. मग चकचकीत नाणं पुढे करून विचारतात, “किती येतील?” त्यांना चकचकीतच हवं असेल तर बाजारात ओतीव नकला मिळतात. कडेला साच्याची शिवण असते. पण नाव अगदी पूर्ण, सगळी अक्षरं जागच्या जागी.

तेव्हा आजीच्या डब्यात शिवराई सापडली तर चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर दूर ठेवा. कडेने धरा, कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसा, बस्स. आणि नाव अर्धंच उमटलंय म्हणून मोडीत टाकणार असाल, तर आधी मला कळवा. भाव फार देणार नाही.