कंसातली मंडळी

ऑप्टिमायझर हा डेटाबेसमधला सगळ्यात हुशार भाग, आणि म्हणूनच बिघाड झाला की पहिला संशय त्याच्यावर. क्वेरीत टेबलं ज्या क्रमाने लिहिली त्याच क्रमाने जोडणं त्याला कमीपणाचं वाटतं. दहा टेबलं एकापुढे एक जोडायची तर 36,28,800 क्रम होतात. ते सगळे न तपासता स्वस्तातला हुडकण्याची रीत आयबीएमच्या पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी 1979 साली मांडली. साध्या जॉइनपुरती ही अदलाबदल निर्धोक असते. लेफ्ट जॉइनच्या उजवीकडे कंस पडला, की भानगड सुरू होते.

समजा, ग्राहक हे टेबल डावीकडे आहे आणि उजवीकडच्या कंसात मागणी व पावती यांचा साधा जॉइन आहे. ग्राहक तीन. पहिल्याने मागणी नोंदवली, पावतीही घेतली. दुसऱ्याची मागणी आहे, पावती अजून फाडलेली नाही. तिसरा नुसती चौकशी करून गेला. बरोबर उत्तरात तिघेही दिसतात, फक्त शेवटच्या दोघांपुढे नल असतं. कंस पुसला तर पावतीची अट शेवटी आणि सगळ्यांनाच लागते, आणि उरतो एकटा पहिला. मायएसक्यूएल 5.0.1 आवृत्तीच्या आधी असे कंस खुशाल गाळत असे. कंस घालणाऱ्याला त्यात काही म्हणायचं असेल, हे त्याच्या गावीही नव्हतं.

नंतर नियम आला. लग्नाच्या पंगतीत वरपक्ष बसायला लागला की त्यांची शेवटची आत्याबाई टेकेपर्यंत मध्ये परका बसवत नाहीत, तसंच कंसातल्या टेबलांचं. नल भरायचं की नाही हे सगळा कंस पाहून झाल्यावरच ठरतं, म्हणून ही सोय. किती जण बसले याची मोजणी प्रत्येक कंसासाठी एक काउंटर ठेवतो. एखादा क्रम महाग वाटला की ऑप्टिमायझर मागे फिरतो, टेबल उठवतो, दुसरं बसवून पाहतो. उठवताना काउंटर एकाने उतरवायला हवा. नेमकं हेच कोडमध्ये एखाद्या वाटेवर राहून जातं. मग एकच टेबल बसलेलं असताना कंस भरल्याची नोंद होते आणि परका आत घुसतो.

याचा आवाज होत नाही. एरर नाही, क्रॅश नाही. उत्तर झटपट येतं आणि चुकीचं असतं. शोधायला जावं तर क्वेरीतली टेबलं कमी करताच बग गायब, कारण मागे फिरायची वेळच येत नाही. नमुन्यादाखल थोडा डेटा घेतला की प्लॅनच बदलतो. मायएसक्यूएलमध्ये 5.6 पासून ऑप्टिमायझर ट्रेस मिळतो. त्यात विचारात घेतलेला प्रत्येक क्रम दिसतो. म्हणजे पानंच्या पानं. रिगर आणि सू यांनी 2020 मध्ये एक नामी युक्ती मांडली: गाळणीची अट उचलून निवडीच्या यादीत टाकायची. ऑप्टिमायझरला हुशारी दाखवायला फारसा वाव उरत नाही. मग मूळ क्वेरीने दिलेल्या ओळी आणि बदललेल्या क्वेरीत अट खरी ठरलेल्या ओळी मोजायच्या. आकडे जुळले नाहीत तर चोर सापडला.

दुरुस्ती बहुधा एका ओळीची असते. तिच्यामागून टेस्टच्या फायलींत जपून ठेवलेले जुने प्लॅन बदलतात, आणि यातला कोणता बदल बरोबर नि कोणता नवा बग, हे कुणीतरी बसून एकेक करून पाहायचं असतं.