पुण्य घ्या, खडक द्या

निःस्वार्थ माणूस असतो का, हे कासूच्या स्टेशनवर विचारू नका; लोक विचारतील, जमीन हायवेला लागून आहे का? कासू ज्या पेण तालुक्यात, त्याच तालुक्यात गागोदे आहे, विनोबा भावे यांचं जन्मगाव. १९५१ साली पोचमपल्लीत एका जमीनदाराने शंभर एकर देऊ केले आणि विनोबा देशभर पायी जमीन मागत फिरले. लाखो एकर मिळाले. त्यातले बरेचसे खडकाळ, नापीक, नाहीतर कोर्टात अडकलेले. दात्याला पुण्य मिळालं, वकिलाची फी वाचली! पण नुसतं हसून भागत नाही. काहींनी खरंच पिकती जमीन दिली. (आपण देवळाला पंखा दिला, तर पात्यावर तीन पिढ्यांची नावं, वारा लागतो तो वर.)

आणि अशा माणसाची मूल्यं तरी अढळ असतात का? आणीबाणीला ‘अनुशासन पर्व’ म्हटल्याचं विनोबांच्या नावावर चिकटलं, विरोधकांनी त्यांना ‘सरकारी संत’ ठरवलं. मग त्यांनी गोहत्याबंदीसाठी उपोषण जाहीर केलं आणि सरकारलाच हा संत परवडेना. १९७६ च्या जूनमध्ये त्यांच्या पवनारच्या आश्रमात पोलीस आले आणि तिथल्या ‘मैत्री’ मासिकाचे अंक उचलून घेऊन गेले.