मांडवातल्या एलईडी दिव्यांना अनावृत पत्र

मांडवातले तेजोनिधी एलईडी दिवे यांस,

नमस्काराइतका तुमचा उजेड पडलेला नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. मैफलीचे माझे फोटो तुम्ही नासवलेत. गायिकेच्या चेहऱ्यावरून आडवे काळपट पट्टे गेलेत आणि आळ मात्र सेन्सरवर आला. तो निर्दोष आहे. लेन्सला टोपण लावून काढलेल्या काळ्या फ्रेममध्ये पट्ट्यांचा मागमूस नाही, उन्हातले फोटो स्वच्छ आहेत. सेन्सरचा कायमचा दोष असता तर पट्टे दर फ्रेममध्ये एकाच जागी बसले असते. हे वरखाली सरकतात.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तुमच्यातला स्वस्त ड्रायव्हर तिचे चढउतार सपाट करत नाही, म्हणून तुम्ही सेकंदाला १०० वेळा मंदावता. डोळ्यांना ते कळत नाही. पण आलापात खटका नको म्हणून मी सायलेंट शटर लावलं होतं, आणि त्यात सेन्सर ओळीओळीनं वाचला जातो. माझ्या कॅमेऱ्यात सगळ्या ओळी वाचून व्हायला साधारण १/२५ सेकंद लागतो. तेवढ्यात तुम्ही चारदा मान टाकता. फोटोतले पट्टे मोजा, चारच आहेत.

रॉ फाइल आहे, नंतर सुधारेल, असं मला सांगू नका. उजेड जिथे पोचलाच नाही, तो भाग उजळवला की नॉइज वर येतो आणि पट्ट्याची कड गालावर तशीच राहते.

शटर १/१०० वर ठेवलं की प्रत्येक ओळीच्या वाट्याला एक पूर्ण चढउतार येतो आणि पट्टे जातात. मान्य. पण तबलजीची बोटं १/१०० ला पुसट होतात. ती थांबवायला मला १/५०० हवा, आणि नेमकी तिथेच तुम्ही वाट अडवता. तुमच्या डिमरवाल्या भाऊबंदांच्या लुकलुकण्याचा ठेका तर निराळाही असू शकतो, म्हणून १/१०० ची मात्राही त्यांना लागू पडेलच असं नाही.

माइकची घरघर घालवायला आयोजक तासभर खपतात आणि ते योग्यच आहे. तुमच्याकडे मात्र कुणी ढुंकून पाहत नाही, याचा मला राग आहे. पुढच्या मैफलीआधी मोबाइलचं शटर १/१००० वर ठेवून मी तुम्हाला एकेकाला तपासणार आहे. ज्याच्या उजेडात पट्टे दिसतील, त्याची जागा मंचावरून हलवून चपलांच्या रॅकजवळ करायला मंडपवाल्याला आत्ताच सांगून ठेवलंय.

आपला,
एक फोटोग्राफर