खाऊप्रमुख

अडीच वर्षांची मुलं आणि त्यांच्या आया सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये सकाळच्या जमू लागल्या की त्याला खेळगट म्हणतात. आणि खेळगट सुरू झाला की आठवड्याच्या आत एक खाऊप्रमुख आपोआप उगवते. तिची निवडणूक होत नाही. ‘खाऊचं कोण बघेल?’ या प्रश्नावर बाकीच्या आया मोबाइलमध्ये बघतात आणि ती वहीत बघते, एवढाच तो पदग्रहणाचा सोहळा. कोथरूड असो की बाणेर, यात फरक नाही. मी नातवाला सोडायला जाणारा आजोबा. खुर्ची कोपऱ्यात असल्यामुळे मला सगळं दिसतं.

वहीचं पहिलं पान ‘काय नको’ याचं. मैदा नको, साखर नको, पाम तेल नको. अख्खे शेंगदाणे, फुटाणे नकोत, कारण ते घशात अडकतात. द्राक्षं द्यायची तर उभी चिरून, एकाच्या चार फोडी. (हे मात्र तिचं शंभर टक्के बरोबर. गोल द्राक्ष एवढ्याशा घशात बुचासारखं बसतं.) शिवाय एकाला दुधाचं वावडं, एका घरी कांदा-लसूण नाही, एका घरी अंडं चालतं पण आजीला कळता कामा नये. एवढी सगळी चाळण लावल्यावर खाली पडतं केळं. आणि केळ्याने सर्दी होते असं ठामपणे सांगणारी एक आजी प्रत्येक खेळगटात असतेच.

साखरेचं नाव काढलं की खाऊप्रमुखाच्या कपाळावर आठी पडते. गूळ म्हटलं की तीच आठी विरघळते. खजूर-गुळाचे लाडू, गूळ-राजगिऱ्याची वडी, गुळाचा शिरा, सगळं ‘शुगर-फ्री’ या रकान्यात. गूळ म्हणजे बहुतांशी साखरच, असं एका दंतवैद्य बापाने बैठकीत सांगून पाहिलं. पुढच्या महिन्याच्या तक्त्यात फळं धुण्याच्या कामापुढे त्याचं नाव होतं.

पाकिटातलं काही आणायचं झालंच, तर ती पाकीट आधी उलटं करते. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, हे तिला पक्कं ठाऊक. दर्शनी बाजूला नाचणीचं कणीस डोलत असतं आणि मागे पहिला मानकरी मैदा निघतो. मग ती दुकानातच, अनोळखी गिऱ्हाइकाला थांबवून, ‘बघा हो, बघा’ म्हणून ते वाचून दाखवते. गिऱ्हाईक ओशाळून आपल्या टोपलीतले दोन पुडे परत ठेवतं आणि ती पुढच्या फळीकडे वळली की पुन्हा उचलतं.

नाचणीवर तिची खरी भक्ती. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष संयुक्त राष्ट्रांनी केव्हाच संपवलं. आमच्या क्लबहाउसमध्ये ते अजून चालू आहे. सोमवारी नाचणीचं धिरडं, मंगळवारी नाचणीची इडली, बुधवारी वेषांतर केलेली नाचणी. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, हे ती झोपेतही सांगेल. त्यातलं पोटात किती गेलं आणि सतरंजीवर किती, हा रकाना मात्र वहीत नाही. आमच्या सतरंजीची हाडं एव्हाना चांगलीच मजबूत झाली असणार.

एकदा तिला अंगणवाडीच्या आहाराचा २०२३च्या आधीचा सरकारी हिशेब सापडला : तीन ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं. ‘आपली मुलं यात मागे पडताहेत’ असा निष्कर्ष तिने काढला. ज्या मुलांच्या घरी सकाळपासून दूध, उपमा आणि आजीच्या हातचा तूप-पोळीचा लाडू असे तीन हप्ते झालेले असतात, ती मुलं! तिकडे अंगणवाडीतली सेविका सरकारी आकड्यांत खिचडी नि उसळ बसवते, मुलांची वजनं करते, माहितीही भरते आणि त्याची बैठक बोलावत नाही. पण हे मी मोठ्याने म्हणालो नाही. फळं अजून बरीच धुवायची होती.

भरवायला सक्त बंदी. चिऊ-काऊच्या नावाने घास द्यायचा नाही. मुलाने आपली भूक ओळखून आपल्या हाताने खायचं. (‘मग जेवणार कुणाच्या नावाने?’ – केळंविरोधी आजी.) शिवाय नवा पदार्थ दहा-पंधरा वेळा समोर आल्याशिवाय मूल त्याला आपलं म्हणत नाही, असं जाणकार सांगतात, म्हणून पालकाच्या धिरड्यापुढे समासात ‘वेळ आठवी’, ‘वेळ नववी’ अशी नोंद. तिचा धीर पाहून मला खरंच आदर वाटतो. धिरडं नवव्यांदा जमिनीवर पडलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, ‘हरकत नाही, आज त्याने हात तरी लावला.’ फरशी पुसणाऱ्या मावशींनी काही म्हटलं नाही, पण बादली जरा जोरात ठेवली.

याच वहीतून तिला मोठा शोध लागला. मुलं पदार्थाकडे बघत नाहीत, शेजारच्याच्या तोंडाकडे बघतात. आमच्यात एक गुटगुटीत मुलगा आहे, तो समोर येईल ते खातो. त्याने दुधीचा मुटका उचलला की बाकीचे पण उचलतात. तेव्हापासून नव्या पदार्थाच्या दिवशी त्याला सतरंजीच्या मधोमध बसवतात, आणि आदल्या रात्री त्याच्या आईला फोन जातो : सकाळी काही देऊ नका हं याला.

परवा तो सर्दीने आडवा झाला. (आजीने फक्त माझ्याकडे पाहिलं.) रात्री साडेनऊला माझा फोन वाजला.

‘आजोबा, उद्या बिटाची आंबोळी आहे. त्याच्याखालोखाल खाणारा म्हणजे तुमचाच नातू. सकाळी फक्त पाणी द्या.’

‘बरं.’

‘आणि आजोबा, तुम्ही ते चहात बुडवून खारी खाता ना, ती उद्या बाथरूममध्ये खा.’